बंगईची कडी

सरांच्या अंगाला रॉकेलचा वास यायचा. नवख्या माणसाला वाटायचं, हे गृहस्थ शाळा सुटल्यावर रेशनचं दुकान चालवत असणार. तसं काही नव्हतं. त्यांच्या खांद्यावरच्या झोळीत औषधाची एक जुनी बाटली असे, तिच्यात रॉकेल असे आणि सोबत चिंध्या व खडूचे तुकडे. एखाद्या लोखंडी वस्तूबद्दल संशय आला की सर तिला रॉकेलचा बोळा फासायचे, जरा वेळ थांबायचे, कोरड्या फडक्यानं ती लख्ख पुसायचे आणि वरून खडूची पूड लावायचे. लोखंडात भेग असली तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या पुडीवर काळपट रेघ उमटते. भेग नसली तर काही होत नाही, फक्त वस्तूला वास राहतो. आर्वीतल्या पुष्कळ वस्तूंना तो वास होता.

सत्तरच्या दशकात मी तहसील कचेरीत कारकून म्हणून आर्वीला आलो आणि सरांच्या घरी एक खोली भाड्यानं घेतली. सर शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायचे. त्याआधी ते बंगालात कुठल्याशा मोठ्या कॉलेजात जाऊन वस्तू का तुटतात आणि कशा तुटतात याचं शिक्षण घेऊन आले होते. तिकडेच राहिले असते तर पूल, बॉयलर, विमानं असल्या मोठ्या गोष्टींच्या भेगा त्यांच्या वाट्याला आल्या असत्या. ते परत का आले याबद्दल गावात दोन मतं होती. एक, ते नापास झाले. दोन, ते पास झाले आणि त्यानं डोकं फिरलं. मी एकदा सरळ त्यांनाच विचारलं.

"तिकडं रोज भात खा लागे," सर म्हणाले.

खोली घेतली त्या दिवशी मी पाहिलं तर माझ्या पलंगाच्या वरच, खिडकीच्या कोपऱ्यातून निघून आढ्यापर्यंत गेलेली, बोट जाईल एवढी भेग होती. भेगेवर आडवी काचेची एक पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटनं चिकटवलेली होती. हे काय म्हणून विचारलं, तर सर म्हणाले, "भिंत हलली तं काच तडकते. काच फुटली का मले सांगजा."

"आणि भिंतच पडली तर?"

"तं सांगाची गरज नाई."

नंतर कळलं की आमच्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात आक्रसते आणि पावसाळ्यात फुगते, आणि तिच्यावरची घरंही तिच्यासोबत तेच करतात. चैत्रात माझी भेग उघडायची आणि श्रावणात मिटायची. सरांना तिची मुळीच काळजी नव्हती. "हे दिसते ना, मंग हे काही करत नाई," ते म्हणायचे. "मोठ्या भेगेपासून लोकं आपोआप दूर झोपतात." मी पलंग सरकवला तेव्हा त्यांनी माझ्याकडे, बघा, अशा नजरेनं पाहिलं.

त्यांचं एकच तत्त्व होतं आणि ते भाजीवाल्यालाही ऐकवायचे. भेग नसलेली वस्तू जगात नाही. भेग आहे म्हणून घाबरायचं नाही आणि दिसत नाही म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही. ती केवढी आहे आणि वाढते आहे की थांबली आहे, एवढंच बघायचं. हेडमास्तर निवृत्त झाले त्या समारंभात कुणीतरी उत्साहानं म्हणालं की, सरांनी आता मनाला जाणाऱ्या तड्यांविषयी दोन शब्द बोलावेत. सर उठले, "मन हे मटेरियल माझ्या अभ्यासात नव्हतं," म्हणाले आणि बसले. त्या दिवशी सगळ्यात जास्त टाळ्या त्यांनाच पडल्या. कशासाठी, ते त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही.

बाजारातल्या कापडवाल्यावर त्यांचं फार प्रेम. तो काठाला कात्रीनं बारीकशी खाच मारायचा आणि मग टर्रकन दोन हातांनी कापड फाडायचा. सरांच्या मते भेगेचं सगळं शास्त्र त्या खाचेत होतं. ते वर्गच्या वर्ग त्याच्या दुकानात घेऊन जायचे. पहिल्या वर्षी कापडवाल्यानं पोरांना बडीशेप दिली. पुढच्या वर्षी पोरं दिसली की तो शटर अर्धं खाली ओढू लागला.

काकू, म्हणजे सरांच्या बायको, या शास्त्रासोबत पंचवीसेक वर्षं संसार करत होत्या. एकदा त्यांच्या प्लास्टिकच्या बादलीला वरून चीर गेली. सरांनी दाभण तापवला आणि चीर जिथं संपते तिथं गोल भोक पाडलं.

"अजी, फुटक्या बादलीले अजून भोक काऊन पाडून राह्यले?" काकूंनी विचारलं.

"चिरेचं टोक लय अणकुचीदार असते. सगळी ओढ तिथंच गोळा होते. गोल भोकात ती पसरते. आता चीर पुढं जात नाई."

चीर खरंच पुढे गेली नाही. बादली मी तिथं होतो तोवर वापरात होती. फक्त भोकाच्या वर पाणी राहायचं नाही, म्हणून काकूंना विहिरीवर एक खेप जास्त करावी लागे. "बादली सुखात आहे," त्या म्हणायच्या.

अशा घरातून माझं लग्न जमायचं होतं.

माझे आईवडील हिंगणघाटकडच्या खेड्यात. वडिलांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, त्यामुळे त्यांचं हिंडणं-फिरणं बंद झालेलं. रोहण्याचं स्थळ आलं तेव्हा मुलगी बघायला काका-काकी म्हणून सर आणि काकूच माझ्यासोबत आले. मुलीनं चहा आणला, खाली बसली आणि रिवाजाप्रमाणे आम्ही तिला प्रश्न विचारले. मग काकू म्हणाल्या, "तुले काही विचाराचं असन तं विचार वो बाई." असं म्हटल्यावर मुलीनं मान खाली घालायची असते. हिनं माझ्याकडे पाहून विचारलं, "तुमच्या कचेरीत एका कामाले किती चकरा मारा लागते?"

मी म्हटलं, "बऱ्याच."

ती हसली. मला ती आवडली. त्याला काही शास्त्र नव्हतं, सरळ आवडली. परतीच्या एस.टी.त मी तिच्याबद्दल एक अक्षर बोललो नाही, तेव्हा काकूंनीच माझ्या पाठीवर थाप मारली.

मुलीकडूनही होकार आला. आता एकच उरलं होतं. मुलीचे वडील आणि मामा येऊन घर पाहणार होते, कारण लग्नानंतर मुलगी याच घरात राहायची होती. काकूंनी ओसरी सारवली, भिंतींना चुना मारून घेतला आणि भेगेवरची काच दिसू नये म्हणून तिच्यावर कॅलेंडर लावलं. ओसरीत त्यांची बंगई होती. चार लोखंडी दांड्यांना लटकलेली सागवानी फळी, दुपारी पाय हलवत तांदूळ निवडायची त्यांची जागा. घरी पाहुणा आला की त्याला बंगईवर बसवायचं, हा आमच्याकडचा मान. काकूंनी तिच्यावर नवी चादर घातली, लोड ठेवला.

सरांनी तयारीत काहीच भाग घेतला नाही असं मला वाटत होतं. पाहुणे यायच्या जरा आधी बघतो तर स्टुलावर उभं राहून ते बंगईच्या वरच्या कड्यांना पूड लावत होते. नव्या चादरीवर खडू सांडत होता आणि काकू खालून त्यांना नाही नाही ते बोलत होत्या. तेवढ्यात एस.टी.ची वेळ झाली. मी त्यांना अक्षरशः स्टुलावरून उतरवून स्टँडवर नेलं.

मुलीचे वडील भारदस्त गृहस्थ होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, कमी बोलणं. त्यांचं न बोलणं मामा भरून काढत होते. दोघं ओसरीत आले, हातपाय धुतले. काकू पदर सावरत म्हणाल्या, "बसा ना जी." वडील बंगईकडे वळले, धोतर सावरलं आणि बसायला वाकले.

"बसू नोका!" सर ओरडले.

वडील अर्धवट वाकलेल्या स्थितीत थांबले. सर त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते वर, कडीकडे बघत होते. कडी जिथं वाकते तिथं पांढऱ्या पुडीवर केसासारखी काळी रेघ आली होती. मला माहीत होतं म्हणून मला ती दिसली. दुसऱ्या कुणाला दिसणं शक्य नव्हतं.

"आपलं वजन किती आहे?" सरांनी विचारलं.

"माह्यं वजन तुमाले काऊन पाह्यजे?" वडील सरळ होत म्हणाले. त्या दिवसातलं ते त्यांचं सगळ्यात मोठं वाक्य.

काकूंनी धावत जाऊन खुर्ची आणली. लोखंडी घडीची, पाठीवर शाळेचं नाव. वडील तिच्यावर बसले. समोर नव्या चादरीची, लोडाची बंगई रिकामी होती. सर सतरंजीवर बसून भेगेविषयी बोलत राहिले. ओढ टोकाशी कशी गोळा होते, झोक्यागणिक भेग कशी कणाकणानं सरकते, आणि एका ठरावीक लांबीनंतर ती कुणाचंच कसं ऐकत नाही. मामांनी वर पाहिलं. अंगठ्याएवढ्या जाडीची कडी होती.

"अहो, हिले हत्ती टांगला तरी काही होणार नाई," मामा म्हणाले.

"हत्ती टांगला तं चालेल," सर म्हणाले. "त्यानं झोके नाई घेतले पाह्यजे."

शिऱ्याला कुणी हात लावला नाही. चहा मात्र घेतला, आणि तो उभ्यानं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मामा मला कचेरीबाहेर भेटले. माणूस वाईट नव्हता, त्यालाही सांगताना बरं वाटत नव्हतं. "भाऊजी म्हणते, ज्या घरी पाव्हण्याले बसू देत नाई, त्या घरी पोरीले काय बसू देतीन." आणखी एका स्थळाकडची माणसं लवकरच रोहण्याला येणार होती, तेही त्यांनीच सांगितलं.

मी घरी आलो आणि सरांशी बोलणं टाकलं. ते काहीतरी विचारायचे, मी कॅलेंडरकडे बघायचो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी संध्याकाळी खोलीत पडलो होतो तर ओसरीतून कुई, कुई असा आवाज येऊ लागला. बाहेर जाऊन बघतो, तर बंगईवर सरकीची पोती रचलेली आणि सर उभ्यानं तिला झोके देतायत.

"आता याचा काय उपयोग?" मी विचारलं. न बोलायचं विसरून गेलो.

सरांनी झोका थांबवला नाही. "मले नीट बोलता आलं नाई त्या दिवशी," ते म्हणाले. "मी आतापर्यंत नुसतं बोलूनच सांगत आलो. माणसाले बोलून समजत नाई. मी त्यांचा अपमान नाई केला, हे त्यांना समजलं पाह्यजे. तुमचं लग्न माह्या तोंडानं मोडलं." आणि मग जरा थांबून, "अन् वजन त्यांनी सांगतलं नाई, म्हणून मी अंदाजानं घेतलं."

माझा राग तिथंच विरघळला असं म्हणणार नाही. पण त्यांचे हात भरून आलेले दिसत होते, म्हणून मी पोत्याला धक्का दिला. त्या दिवसापासून ते आमच्या घराचं कामच झालं. सकाळी शाळेपूर्वी सर, दुपारी तांदूळ निवडता निवडता पायानं काकू, संध्याकाळी मी. कचेरीतले लोक मला विचारायचे, लग्नाचं कुठवर आलं. मी म्हणायचो, चालू आहे. शेजारीपाजारी कुंपणावरून बघायचे. सरांच्या डोक्याविषयीचं दुसरं मत त्या दिवसांत गावात बळकट झालं. कडी काही तुटत नव्हती, आणि रोहण्याला ती माणसं कधीही येतील म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. मला तर हळूहळू वाटायला लागलं होतं की मामांचंच बरोबर.

मग एका संध्याकाळी, दिवे लागायच्या आत, माझ्याच हातून झोका जात असताना वर टक् असा आवाज झाला. अडकित्त्यात सुपारी फुटते, तेवढाच. बंगईचं एक टोक खाली आलं, पोती घरंगळली आणि ओसरीभर सरकी झाली. काकू आतून "फुटली वो माय!" करत धावत आल्या. त्यांच्या आवाजात इतका आनंद मी पूर्वी ऐकला नव्हता.

सरांना आनंद वगैरे झाला नाही. त्यांनी दोन्ही तुकडे उचलले, उजेडात नेले आणि तुटलेली तोंडं मला दाखवली. अर्ध्याहून अधिक भाग काळसर, गुळगुळीत, आणि त्यावर तळ्याचं पाणी ओसरताना काठावर उरतात तशा बारीक वळणदार रेघा. उरलेला भाग ताजा चकचकीत, खडीसाखरेसारखा दाणेदार.

"हे एवढं होता होता कैक वर्षं गेली," काळ्या भागावर बोट फिरवत सर म्हणाले. "हिच्या तांदूळ निवडण्यात. अन् हे बाकीचं, आता तुम्ही आवाज ऐकला ना, तेवढ्यात."

काकू एकदम खाली बसल्या आणि सरकी गोळा करू लागल्या.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी आणि सर रोहण्याला गेलो. वडील अंगणात लिंबाच्या झाडाखाली बाजेवर बसले होते. आम्हाला बघून ते उठले नाहीत आणि बसाही म्हणाले नाहीत. सरांच्या ते लक्षातही आलं नाही. त्यांनी झोळीतून फडक्यात बांधलेले तुकडे काढून वडिलांच्या हातात दिले आणि काळं तोंड, चकचकीत तोंड, रेघा, सगळं सांगितलं. या वेळी ते थोडक्यात बोलले, कारण वस्तू हातात होती. वडिलांनी रेघांवरून अंगठा फिरवला. शेतकरी माणूस, तुटलेलं लोखंड त्यांनी पुष्कळ पाहिलेलं.

"म्हणजे," ते म्हणाले, "मी त्या दिवशी बसलो असतो तं पडलो असतो."

मी हो म्हणायला तोंड उघडलंच होतं.

"नाई," सर म्हणाले. "त्या दिवशी नसते पडले. आम्ही तिले मागून लय झोके दिले, तवा कुठं तुटली. तुम्ही बसले असते, चहा घेतला असता, शिरा खाल्ला असता अन् उठून गेले असते. काही झालं नसतं."

मला त्या क्षणी सरांना तिथल्याच विहिरीत ढकलून द्यावंसं वाटलं. इतक्या दिवसांची मेहनत, दोन तुकडे, एक हो. आणि हा माणूस खरं बोलत होता.

वडिलांचा चेहरा बदलला. "मंग मले काऊन अडवलं?"

"मले भेग दिसली. कोणत्या दिवशी तुटन ते मले सांगता येत नव्हतं. अन् त्या दिवशी बसणार तुम्ही होते."

दारात ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. किती वेळची उभी होती कोण जाणे. "बाबा," ती म्हणाली, "त्यांना बसाले तं सांगा."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या तुकड्यांकडे. "पाव्हणे येणार म्हटलं का लोकं चादर बदलतात," ते सावकाश म्हणाले. "आपणबी तेच करतो. या माणसानं कडी पाह्यली." मग ते बाजेवर एका अंगाला सरकले. "बसा, मास्तर."

सर बसायला वाकले, आणि वाकता वाकता त्यांनी बाजेच्या खुराचा सांधा बघून घेतला. ते पाहून वडील हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि माझं लग्न जमलं हे मला तिथं, उभ्या उभ्याच, कळलं. मला रडू आलं. धूळ गेली म्हणून मी डोळे पुसले. तिनं तांब्या माझ्या हातात दिला आणि हळूच विचारलं, "किती चकरा झाल्या?"

लग्न झालं. चार-पाच वर्षं आम्ही दोघं त्याच भेगेखाली राहिलो, मग माझी पुलगावला बदली झाली. तिथल्या घरात हिच्या हौसेनं मी बंगई लावली. कड्या नव्या, चांगल्या जाड. पण सासरे काही तिच्यावर बसायला तयार नसत. येत, मुक्काम करत, आणि बंगईला वळसा घालून जमिनीवर बसत. का, म्हणून विचारलं की म्हणत, "मास्तरनं सांगतल्याबिगर नाई." आधी आम्हाला गंमत वाटायची, नंतर सवय झाली.

काकू गेल्यानंतर सर एकदा आमच्याकडे आले. शाळेतून निवृत्त झाले होते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, झोळी मात्र तीच होती. सासरेही तेव्हा आलेले होते. सरांनी चहाच्या आधी स्टूल मागवलं, पण चढायला पाय उचलेना. मग ही पदर खोचून स्टुलावर चढली, बोळा फासला, कड्या पुसल्या, पूड लावली. आम्ही सगळे खाली वाट बघत बसलो. घरभर रॉकेलचा वास पसरला आणि मला एकदम काकूंची आठवण झाली.

"काही दिसते?" सरांनी विचारलं.

"नाई सर."

"वाकते तिथं पाह्यलं? आतल्या अंगानं?"

"पाह्यलं. पांढरंच आहे."

"अजून एकदा पाह्य."

तिनं चारही कड्या पुन्हा पाहिल्या. सर वर तोंड करून बसले होते. त्यांना तिथं पांढरट उजेडाखेरीज काही दिसत नसणार. मग ते सासऱ्यांच्या दिशेला वळले.

"बसा आता," सर म्हणाले.

सासरे उठले, धोतर सावरलं आणि बसले. एका अंगाला सरकून त्यांनी शेजारची फळी थोपटली. "तुम्हीबी या मास्तर." आर्वीच्या घरात इतकी वर्षं राहून मी सरांना बंगईवर बसलेलं कधी बघितलं नव्हतं. ते चाचपडत आले. त्यांनी मनातल्या मनात दोघांच्या वजनांची बेरीज केली असावी, कारण ओठ हलले. मग ते बसले.

"झोका घेऊ?" सासऱ्यांनी विचारलं.

"घ्या," सर म्हणाले, आणि त्यांनी आपले दोन्ही पाय जमिनीवरून उचलले.